जमिनीत इंधनाची टाकी बसवताना: विदर्भातल्या गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली २२ वर्षं मी इंधनाच्या टाक्यांचे खड्डे खणून घेतो, टाक्या उतरवून घेतो आणि ते खड्डे बुजवून घेतो. वर्धा, यवतमाळ, अकोला, वाशीम, चंद्रपूर अशा सगळ्या भागांत हे काम केलं आहे. नवे पंपचालक, जिनिंगवाले, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, हार्वेस्टर चालवणारे असे बरेच जण फोन करतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. टाकी एकदा मातीआड गेली की पुढची पंचवीस-तीस वर्षं ती कुणाला दिसत नाही. त्यामुळे जे विचारायचं ते खड्डा उघडा असतानाच विचारा.

हार्वेस्टर आणि दोन ट्रॅक्टर आहेत. घरी किती डिझेल ठेवता येतं?

पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवता येतं, पण त्यातलं कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. ही दुसरी अट लोक विसरतात. २०० लिटरचे १२ ड्रम चालतात, २,००० लिटरची एकच टाकी मात्र परवान्याशिवाय चालत नाही, एकूण साठा मर्यादेत असला तरी.

पेट्रोल ‘अ’ वर्गातलं. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत, तेही धातूच्या डब्यात, आणि डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. फवारणी पंपासाठी शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून गोठ्यात ठेवलेलं मी अजूनही पाहतो. कृपा करून ते थांबवा.

डिझेल तर काडी लावली तरी पेटत नाही म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

हे थंड प्रदेशात खरं असेल, आपल्याकडच्या मे महिन्यात नाही. डिझेलची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याची भारतीय मानकातली किमान मर्यादा ३५ अंश आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ च्या वर जातं. टिनाच्या शेडखालचा ड्रम त्याहून तापतो. म्हणजे दुपारी तीन वाजता तुमचं डिझेल पेट्रोलच्या जवळपास वागत असतं. त्या शेडमध्ये वेल्डिंग करू नका, बिडी ओढू नका, आणि जमलं तर शेडच बदला.

पंपासाठी किंवा स्वतःच्या वापराच्या टाकीसाठी कागदांचा क्रम काय?

आधी नकाशा, मग मंजुरी, मग खड्डा. आपल्याकडे हा क्रम बरेचदा उलटा होतो. जेसीबी शेजारच्या कामावर आलेला असतो, भाडं वाचेल म्हणून खड्डा आधी मारला जातो आणि मग तो दोन पावसाळे उघडा राहतो.

पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे जागेचा आराखडा ‘पेसो’कडे, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे मंजुरीला जातो. नियम १४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पोलीस, तहसील, बांधकाम विभाग, ग्रामपंचायत अशा ठिकाणी फाइल फिरते, आणि कुठल्या टेबलावर किती दिवस थांबेल ते आपल्या हातात नसतं. बांधकाम झाल्यावर सक्षम व्यक्तीकडून टाकीच्या चाचणीचं आणि सुरक्षिततेचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग परवाना. वाहनात इंधन भरायच्या पंपाचा परवाना नमुना १४ मध्ये मिळतो. परवाना हातात येईपर्यंत टाकीत एक थेंबही इंधन घालायचं नाही.

पेसोचं मुख्यालय नागपूरला, सेमिनरी हिल्सवर आहे. म्हणून बरेच जण म्हणतात, ‘जाऊन भेटून येतो, काम लवकर होईल.’ अर्ज ऑनलाइन जातो. नकाशात एक अंतर लिहायचं राहिलं की फाइल परत येते, मग तुम्ही नागपुरात राहत असा की सिरोंच्याला.

जागा आमचीच आहे, रस्त्याला लागून आहे. आणखी काय पाहायचं?

सातबारा नीट वाचा, आणि फक्त मालकाचं नाव वाचून थांबू नका. भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतराला सरकारी परवानगी लागणारी जमीन, असेल तर आधी तो विषय मिटवावा लागतो. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे का हे पाहाच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वनजमीनच समजायच्या असं स्पष्ट केलं आहे. तिथे केंद्राच्या परवानगीशिवाय काही होत नाही. मोजणी करून घ्या. आपल्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी एक-दोन फूट सरकतो, आणि नकाशातलं सुरक्षित अंतर हद्दीपासून मोजतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, १० किंवा अधिक खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांच्यापासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून हे अंतर ३० मीटरपर्यंत कमी होतं, त्याखाली नाही. रस्त्यावरून आत-बाहेर जाण्याच्या वाटेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२ हे मानक पाहतात. वरून महावितरणची उच्चदाबाची तार जाते का, हे तर मान वर केली की दिसतं, आणि तरीही ते शेवटी लक्षात आलेले दोन प्लॉट मी पाहिले आहेत.

मी मात्र नव्या जागेवर गेलो की सातबाऱ्याच्या आधी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला गाठतो आणि विचारतो, ‘काकाजी, श्रावणात इथं पाणी कुठवर येते?’ हे उत्तर कुठल्याच नकाशात नसतं.

आमची जमीन काळी कसदार आहे. टाकीला काही त्रास होईल का?

होईल, आणि हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. ज्या मातीवर पऱ्हाटी आणि सोयाबीन जोमात येतं, ती माती बांधकामाची वैरी आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये वावरात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात, त्याच ऑगस्टमध्ये मिटतात. तुमची टाकी आणि पाइप त्या मातीत असतील तर वर्षातून एकदा त्यांना दाबलं जातं आणि एकदा सोडून दिलं जातं. टाकीचं लोखंड हे सोसतं. आधी तुटतात ते सांधे. पाइप टाकीला जिथे जोडलेला असतो तिथे, आणि मशीनच्या, म्हणजे गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्राच्या, खाली.

उपाय साधा आहे, पण त्याला पैसे लागतात. खड्डा टाकीपेक्षा चारही बाजूंनी ऐसपैस घ्यायचा. निघालेली काळी माती परत खड्ड्यात टाकायची नाही, एक पाटीसुद्धा नाही. ती वावरात पसरा, तिथे तिचं सोनं होईल. टाकीभोवती स्वच्छ, चाळलेली रेती भरायची, गिट्टी किंवा दगड नको, कारण एक टोकदार दगड टाकीवरचं आवरण फोडायला पुरेसा असतो. रेती एका दमात ओतायची नाही. थराथराने भरून दाबत जायचं. टाकीच्या पोटाखालच्या दोन्ही कडा तर माणसाने हाताने ठासून भरायला हव्यात. तिथे पोकळी राहिली की टाकी कलते, आणि टाकी दोन इंच कलली की डिपचा तक्ता, म्हणजे मापकाठीवरच्या उंचीवरून लिटर सांगणारा तक्ता, आयुष्यभर खोटा बोलतो.

माती किती खोल आहे ते आधी पाहा. यवतमाळच्या पठारावर कुठे तीन फुटांवर मुरूम लागतो, तर पूर्णेच्या खोऱ्यात वीस फूट खणलं तरी काळी माती संपत नाही. दोन ठिकाणी चाचणी खड्डे घेतले तर एक दिवस जातो आणि पुढचे अंदाजपत्रकाचे वाद वाचतात.

विहिरीला पाणी ४० फुटांवर आहे. मग टाकी पाण्याने वर येईल असं का म्हणता?

कारण तुम्ही स्वतःच तिथे एक नवी विहीर खणत आहात. चहूबाजूंनी काळी चिकण माती, तिच्यातून पाणी झिरपत नाही. मधोमध तुम्ही रेतीने भरलेला खड्डा केला. पावसाचं पाणी त्या रेतीत उतरतं आणि तिथेच साचून राहतं. भूजल ४० फुटांवर असलं तरी टाकी पाण्यात बुडालेली असते. हे मला कामाच्या तिसऱ्या वर्षी कळलं, आणि फार वाईट रीतीने कळलं. वाशीमकडच्या एका कामावर टाकी उतरवली, अर्धी रेती भरली आणि शनिवारी संध्याकाळी मजूर बाजाराला गेले. रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी येऊन पाहिलं तर २० किलोलीटरची टाकी खड्ड्यात तिरपी तरंगत होती, एक टोक जमिनीच्या वर. कुणाला इजा झाली नाही. टाकीच्या आवरणाला दोन ठिकाणी चरे गेले आणि ती परत कारखान्यात पाठवावी लागली. त्या कामाचा पर्यवेक्षक मी होतो. तेव्हापासून गणित केल्याशिवाय मी टाकी क्रेनवरून सोडत नाही.

गणित असं. सुमारे २ मीटर व्यासाची आणि साडेसहा मीटर लांबीची टाकी साधारण २० किलोलीटरची होते. ती पूर्ण बुडाली तर पाणी तिला जवळपास २० टनांच्या जोराने वर ढकलतं. रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन ३ टनांच्या आसपास. उरलेले १७ टन कुणीतरी खाली धरून ठेवायला हवेत. खाली ७.५ बाय ३ मीटरचा ३० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सलग पाया, घेतला आणि टाकी त्याला पट्ट्यांनी बांधली, तर पाण्यात बुडालेल्या त्या राफ्टचं वजन साडेनऊ टनांच्या आसपास मिळतं. टाकीच्या डोक्यावर तीन फूट रेती असेल तर तिचेही दहा-अकरा टन धरता येतात. बेरीज कशीबशी पुरते. राफ्ट पातळ केला किंवा वरची रेती फूटभर कमी केली की पुरत नाही. माझ्या आग्रहाने मालकांनी राफ्ट नेहमी थोडा जाडच घेतला आहे, आणि ते सिमेंट वाया गेलं असं मला कधी वाटलं नाही.

पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी घाला. नाहीतर जो पट्टा टाकीला धरून ठेवतो तोच तिचं आवरण खरवडतो.

खड्डा कोणत्या महिन्यात घ्यावा?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. माती ओलसर असते, कडा ढासळत नाहीत, मजूरही ऊन लागून पडत नाहीत. कापूस वेचणीमुळे माणसं मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, तरी हाच काळ बरा. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेली कड अचानक कोसळते. पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय किंवा कडांना उतार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका, कितीही घाई असली तरी.

मृग लागायच्या आत संपेल की नाही अशी शंका असेल तर सुरूच करू नका. अडकलातच, तर टाकी जागेवर बसल्याबरोबर तिच्यात स्वच्छ पाणी भरून ठेवा, म्हणजे ती उठणार नाही. ते पाणी नंतर शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकी कोरडी करावी लागते. का, ते खाली इथेनॉलच्या प्रश्नात आहे.

भंडारा-गोंदियाकडे आमच्या भागात धानाच्या बांध्या आहेत. तिथेही हेच लागू का?

आणखी कडकपणे. तिथे भूजलच वर असतं, शेजारी मालगुजारी तलाव असेल तर विचारायलाच नको. तिथे राफ्ट, पट्टे आणि खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप हे सगळं पहिल्या दिवसापासून धरा. शक्य असेल तर जागाच बांधीपेक्षा उंचावर निवडा.

अकोल्याजवळ आमच्याकडे खारं पाणी आहे. टाकी लवकर गंजते हे खरं का?

खरं आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथल्या मातीत आणि पाण्यात क्षार जास्त, आणि क्षारयुक्त ओलसर चिकण मातीतून वीज सहज वाहते. गंज म्हणजे शेवटी लोखंड आणि ओली माती यांच्यातला छोटासा विद्युत प्रवाहच. टाकीच्या आवरणात सुईएवढं छिद्र असलं की सगळा गंज त्या एका जागी एकवटतो आणि आरपार जातो.

म्हणून या पट्ट्यात मी तीन गोष्टींवर अडून बसतो. टाकीचं आवरण खड्ड्यात उतरवायच्या आधी स्पार्क टेस्टने, म्हणजे छिद्र असेल तिथे ठिणगी दाखवणाऱ्या विजेच्या चाचणीने, तपासून घ्यायचं आणि सापडलेली छिद्रं तिथेच बुजवायची. भराव्याची रेती कुठल्या नदीतली आहे ते विचारायचं. खाऱ्या नाल्यातली रेती आणून टाकली तर दुखणं आपणच पुरून ठेवलं. आणि तिसरं, मॅग्नेशियमचे अॅनोड. हा धातू लोखंडाआधी स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. अॅनोड कायमचे नसतात. त्यांची तपासणीची तार वर काढून ठेवा आणि ठरावीक काळाने मोजमाप घ्या. बाहेरून फायबरचं आवरण असलेली दुपदरी टाकी परवडत असेल तर खारपाणपट्ट्यात तीच घ्या.

एकपदरी घ्यावी की दुपदरी?

दुपदरी टाकीच्या दोन भिंतींमधल्या पोकळीवर नजर ठेवता येते. आतली भिंत गळली तर इंधन मातीत जायच्या आधी अलार्म वाजतो. एकपदरी टाकी गळते तेव्हा ती बातमी बहुतेक शेजाऱ्याच्या विहिरीतून येते. आपल्याकडे गावाचं पिण्याचं पाणी विहीर-बोअरवर आहे आणि पर्याय नाही. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावाची एकमेव गोड्या पाण्याची विहीर पेट्रोलच्या वासाने बंद पडली, तर ते नुकसान कुठल्या हिशोबात धरणार? माझं मत स्पष्ट आहे. जवळपास वापरातली विहीर असेल तर दुपदरीच.

टाकी किती मोठी घ्यावी?

तुमच्याकडे जो टँकर येतो तो पूर्ण खाली होईल एवढी जागा तळातल्या साठ्याच्या वर हवी, हा पहिला हिशोब. टाकी गळ्यापर्यंत भरायची नसते. ९५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. तळाचे काही इंच पंपाला ओढता येत नाहीत. म्हणजे २० किलोलीटरच्या टाकीत कामाचे साधारण १८ धरा. गावाकडच्या पंपावर डिझेलची मागणी वर्षभर सारखी नसते. जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरमधली सोयाबीनची काढणी या दोन हंगामांत ती उसळते. त्याच जूनमध्ये नाल्याला पूर येऊन रस्ता दोन दिवस बंद राहतो. तेवढे दिवस पुरेल असा साठा धरून आकार ठरवा.

पाइपलाइनमध्ये लोक नेमकी काय चूक करतात?

उतार विसरतात. मशीनपासून टाकीकडे सलग उतार हवा, किमान १०० ला १. पाइप ३० मीटर लांब असेल तर टाकीकडचं टोक ३० सेंटिमीटर खाली येतं. आता मागे जाऊन पाहा. पाइप एवढा खाली आला म्हणजे टाकीचा माथाही तेवढा खाली, म्हणजे खड्डा तेवढा खोल, म्हणजे पाण्याचा जोर आणि खर्च दोन्ही जास्त. म्हणून टाकी आणि मशीन यांच्यातलं अंतर नकाशावरच कमी करा. कामावर खड्डा झाल्यावर ते कमी होत नाही, तिथे मग मिस्त्री उतारच मारून टाकतो. पाइप मधेच पोट काढून बसला की त्या खळग्यात इंधन साचून राहतं आणि पाइप कधी पूर्ण रिकामा होत नाही.

पूर्वी जीआय पाइपला आटे पाडून जोडायचे. काळ्या मातीत ते आटेच आधी सैल होतात. आता दुपदरी प्लॅस्टिकचे लवचिक पाइप मिळतात, जोड विजेच्या तापाने वितळवून एकजीव करतात. जोड कमीत कमी ठेवा आणि जो असेल तो सम्पच्या, म्हणजे झाकणाच्या छोट्या हौदाच्या, आत ठेवा, म्हणजे झाकण उघडून पाहता येईल. मातीत पुरलेला जोड मी मान्य करत नाही. जोडणाऱ्याकडे त्या पाइपचं प्रशिक्षण आहे का, हे विचारायला संकोच करू नका. पाण्याच्या ठिबकची लाइन उत्तम टाकणारा मुलगा हे काम करू शकेलच असं नाही.

मशीनने ओढायचं की टाकीतून ढकलायचं?

यावर थोडं सविस्तर बोलावं लागेल. मशीनमधला पंप टाकीतून इंधन ओढतो ती सक्शन पद्धत. टाकीत बुडालेला पंप वर ढकलतो ती प्रेशर पद्धत.

सक्शनमध्ये एक मोठा गुण आहे. पाइपला छिद्र पडलं तर इंधन बाहेर न जाता बाहेरची हवा आत शिरते आणि पाइपातलं इंधन टाकीत परत पडतं. सकाळी मशीन उशिरा धरू लागली की समजायचं, काहीतरी आहे. यासाठी एकदिशा व्हॉल्व्ह फक्त मशीनच्या खाली हवा. जुन्या सवयीने तो टाकीच्या टोकाला बसवला तर पाइप कायम भरलेला राहतो आणि हा गुण संपतो.

दोष आपल्या हवेमुळे येतो. मे महिन्यात दुपारी पेट्रोल ओढताना ते पाइपात आणि तापलेल्या मशीनमध्ये वाफ होतं आणि धार तुटते. टाकी खोल आणि पाइप लांब असेल तर हा त्रास वाढतो. डिझेलला तो जवळपास नाही. प्रेशर पद्धतीत वाफेचा त्रास नाही, एक पंप अनेक मशीनना पुरतो, पण पाइप फुटला तर पंप इंधन मातीत ढकलत राहतो. त्यामुळे तिथे गळती ओळखून पंप बंद करणारं यंत्र आणि दुपदरी पाइप हे हवेतच. अपघातात मशीन उखडली तर प्रवाह तोडणारा शिअर व्हॉल्व्हही मशीनच्या तळाशी हवा.

एक-दोन मशीनचा, स्वतःच्या वापराच्या डिझेलचा पंप असेल तर मी सक्शन सुचवतो. पेट्रोल असेल आणि मशीन तीन-चार असतील तर प्रेशर, पण तपासणीची सगळी साधनं लावूनच.

व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतली हवा आणि वाफ बाहेर सोडणारा पाइप, कुठे घ्यावा?

उघड्यावर, जमिनीपासून किमान ४ मीटर उंच, तोंडाला बारीक जाळी आणि वर पावसाची टोपी. प्रत्येक टाकीला वेगळा. व्हेंटच्या पाइपलाही टाकीकडे उतार द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते आणि खळग्यात बसते. म्हणून व्हेंटच्या खाली जनरेटरची खोली, चहाची टपरी किंवा नाली नको. दरवर्षी जूनआधी जाळी पाहा. गांधीलमाशीचं घर लागलेलं असतं.

अर्थिंग कधी मोजावं?

मे महिन्यात. ठेकेदार ऑगस्टमध्ये मोजून चांगला, म्हणजे कमी, आकडा दाखवतो, कारण ओल्या काळ्या मातीत तो चांगलाच येतो. वाळलेल्या, भेगाळलेल्या जमिनीत तोच आकडा कितीतरी वाढतो, आणि स्थिर विजेचा धोका कोरड्या हवेतच जास्त. टाकीला दोन वेगवेगळी जोडणी हवीत, समोरासमोरच्या टोकांना. टँकर खाली करताना नळी जोडायच्या आधी अर्थची तार जोडायची आणि नळी काढल्यानंतर ती काढायची. हा क्रम भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा.

जमिनीवरच टाकी ठेवली तर ही कटकट नाही ना?

स्वतःच्या वापराच्या डिझेलसाठी, परवाना घेऊन, ठेवता येते. जिनिंगच्या आवारात असं बरेचदा असतं. खड्ड्यात पाणी साचून टाकी उठायची भीती नाही, गळती डोळ्यांना दिसते. मात्र भोवती बंधारा लागतो. टाकी पूर्ण फुटली तरी सगळं डिझेल आत मावेल एवढा, आणि पावसाचं पाणी काढायच्या त्याच्या व्हॉल्व्हला कुलूप. वर छप्पर हवं, रंग पांढरा. रुईच्या गंजीपासून दूर ठेवायला तर हवीच. कापसाच्या गंजीची आग पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

टाकीत पाणी गेलं तर काय बिघडतं? पूर्वी तळाशी राहायचं, काढून टाकायचो.

तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाण्याला ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. मग तळातला तो थर मोटरसायकलच्या टाकीत जातो आणि दहा गाड्या एकाच दिवशी बंद पडतात. तो साठा नुसतं पाणी उपसून दुरुस्त होत नाही.

पाणी शिरतं ते बहुतेक वरून. मॅनहोलची झाकणं रस्त्याच्या पातळीवर असतात आणि पावसाचं पाणी तिथे साचतं. झाकणांची जागा भोवतालपेक्षा दोन-तीन इंच उंच घ्या, उतार बाहेरच्या बाजूला द्या. रोज सकाळी डिपच्या काडीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून पाहा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठीची पेस्ट वेगळी असते, जुनी डबी वापरू नका. पाइपचे वॉशर आणि सीलही इथेनॉल सोसणारे आहेत याची लेखी खात्री घ्या.

उन्हाळ्यात टँकर उतरवला की रात्रीत माल कमी भरतो. टाकी गळते का?

लगेच घाबरू नका. तापलेल्या टँकरमधलं १२,००० लिटर पेट्रोल जमिनीखाली जाऊन १० अंश गार झालं तर सव्वाशे लिटरच्या आसपास आकसतं, डिझेल शंभरच्या आसपास. तापमान आणि घनता दोन्ही नोंदवून हिशोब करा. तसा हिशोब करूनही तूट रोज येत असेल, आणि पावसाळ्यातही थांबत नसेल, तर मात्र विक्री बंद करून टाकी तपासा.

ठेकेदार म्हणतो चाचणी झाली आहे, बुजवून टाकू. काय करू?

तुमच्या समोर पुन्हा करायला सांगा. टाकी आणि पाइप उघडे असताना कमी दाबाची हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, आणि दाबमापकाचा आकडा लिहून ठेवायचा. दाब किती ते मानकाप्रमाणे ठरतं, मिस्त्रीच्या अंदाजाने नाही. टाकीत जास्त दाबाची हवा भरणं म्हणजे बॉम्ब बनवणं. ज्या पाइपात एकदा इंधन गेलं आहे त्याची चाचणी हवेने कधीच नाही, नायट्रोजनने.

बुजवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक पाइपजवळ टेप धरून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा. पाच वर्षांनी कुणीतरी फ्लेक्सचा खांब रोवायला पहार घालेल तेव्हा तो फोटोच कामी येईल.

आमच्या जुन्या पंपाची टाकी बंद पडली आहे. कापून भंगारात द्यायची आहे.

गॅस कटर लावू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी स्फोट व्हायला पुरते, आणि तळाचा गाळ वर्षानुवर्षं वाफ सोडत राहतो. आत कुणालाही उतरवू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही राहतो. पेसोला कळवून, जाणकार माणसाकडून टाकी वायुमुक्त केल्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच पुढचं काम. भंगारवाला जास्त भाव देतो आणि ‘मीच कापून नेतो’ म्हणतो, त्याला फाटकाच्या आत घेऊ नका.